दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि प्रवासाचा वेळ: स्वतः हिशेब करण्याची पद्धत

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को या थेट उड्डाणाची वाट बदलली. आधी विमान पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जायचं, ते पूर्वेकडे पॅसिफिकवरून जाऊ लागलं. अंतर सुमारे १३,९०० किमीवरून १५,३०० किमीपर्यंत वाढलं आणि वेळ मात्र सुमारे दोन तासांनी कमी झाला. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही विमान लवकर पोहोचत होतं, कारण पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी होता.

हे उदाहरण सुरुवातीलाच देतो, कारण दोन शहरांमधलं अंतर शोधून त्याला विमानाच्या वेगाने भागणं ही बहुतेकांची पद्धत, आणि तिथेच हिशेब फसतो. अंतर हा एक आकडा आहे. वेळ मात्र थरांनी बनतो: हवेतला वेळ, जमिनीवर सरकण्याचा वेळ, वाऱ्याने दिलेला किंवा घेतलेला वेळ, आणि शेवटी दोन शहरांच्या घड्याळांमधला फरक. प्रत्येक थर वेगळा काढला, तर तिकीट हातात येण्याआधीच प्रवासाचा वेळ पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने सांगता येतो. त्यासाठी शाळेतलं गणित आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

पहिली पायरी: शहर नको, विमानतळ पकडा

‘लंडन ते न्यूयॉर्क किती अंतर?’ हा प्रश्न अर्धवट आहे. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, सिटी असे अनेक विमानतळ आहेत. न्यूयॉर्कला जेएफके, लाग्वार्डिया आणि शेजारच्या न्यू जर्सी राज्यातला न्यूअर्क. टोकियोत हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता शहराच्या मध्यापासून साधारण साठ किलोमीटरवर. हवेतल्या अंतरात याने थोडाच फरक पडतो, पण उतरल्यावर शहरात पोहोचायला लागणारा वेळ दुप्पट-तिप्पट होऊ शकतो.

प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचा कोड असतो आणि तो तिकिटावर छापलेला असतो. हीथ्रोचा एलएचआर, नारिताचा एनआरटी. अनेक विमानतळ असलेल्या शहराचासुद्धा सहसा वेगळा कोड असतो. एलओएन म्हणजे लंडनमधला कुठलाही विमानतळ. शोधताना शहराचा कोड वापरला तर चालतो, पण हिशेबाला बसताना विमानतळाचाच घ्या.

कोड तपासायचं आणखी एक कारण म्हणजे सारखी नावं. ऑस्ट्रेलियातलं सिडनी आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातलं सिडनी, कोस्टा रिकाची राजधानी सॅन होसे आणि कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम आणि अलाबामातलं बर्मिंगहॅम. चुकीच्या सिडनीला पोहोचलेल्या प्रवाशांच्या बातम्या खरोखर आलेल्या आहेत.

दुसरी पायरी: भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका

आपल्या डोळ्यांत बसलेला जगाचा नकाशा बहुतेक वेळा गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा असतो. जहाजाला एकाच दिशेने सुकाणू धरून जाता यावं म्हणून तो बनवला होता आणि त्या कामाला तो उत्तम आहे. पण त्यावरची सरळ रेषा ही सर्वांत जवळची वाट नसते. पृथ्वी गोल आहे. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सर्वांत छोटी वाट त्या दोन्ही ठिकाणांमधून जाणाऱ्या आणि पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळावर असते. भूगोलात त्याला बृहद्वृत्त म्हणतात.

टोकियो आणि लॉस एंजेलिस घ्या. दोन्ही जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. हानेदा साधारण ३५.५ उत्तर, लॉस एंजेलिस ३४ उत्तर. नकाशा पाहून वाटेल, विमान सरळ आडवं पॅसिफिक ओलांडत असेल. प्रत्यक्षात बृहद्वृत्ताची वाट वर चढत ४७-४८ अंश उत्तरेपर्यंत, अल्यूशियन बेटांच्या दक्षिणेपर्यंत जाते आणि मग खाली येते. ही वाट सुमारे ८,८०० किमीची आहे. अक्षांश धरून आडवं गेलं तर अंतर सुमारे ९,३०० किमी होतं. नकाशावर वळसा दिसणारी वाटच पाचशे किलोमीटरने जवळची आहे.

घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा. ताणलेला दोरा आपोआप बृहद्वृत्तावर बसतो. मुलांना हे एकदा करून दाखवा. पान भरून समजावण्यापेक्षा ते लवकर कळतं.

तिसरी पायरी: अंतराचं गणित

गूगल अर्थमधली मोजपट्टी किंवा ‘ग्रेट सर्कल मॅपर’ हे संकेतस्थळ दोन सेकंदांत अंतर देतं, आणि रोजच्या वापराला ते पुरेसं आहे. तरीही एकदा हाताने करून पाहा. मग कुठल्याही संकेतस्थळावरचा आकडा बरोबर वाटतो की नाही, हे तुमचं तुम्हाला ओळखता येईल.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या. उत्तर आणि पूर्व धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. अंश-कला अशा रूपात असतील तर कलांना ६० ने भागा: ५१ अंश २८ कला म्हणजे ५१.४७, ५१.२८ नव्हे. ही चूक इतकी सर्रास होते की उत्तर वीस-पंचवीस किलोमीटरने चुकलं तर आधी इथेच पाहावं.

सूत्र असं:

कोसाइन(कोन) = साइन(पहिला अक्षांश) × साइन(दुसरा अक्षांश) + कोसाइन(पहिला अक्षांश) × कोसाइन(दुसरा अक्षांश) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

हीथ्रो: अक्षांश ५१.४७, रेखांश –०.४५. जेएफके: अक्षांश ४०.६४, रेखांश –७३.७८. रेखांशांतला फरक ७३.३३ अंश.

पहिला भाग: ०.७८२३ × ०.६५१३ = ०.५०९५
दुसरा भाग: ०.६२२९ × ०.७५८८ × ०.२८६९ = ०.१३५६
बेरीज: ०.६४५१

आता कॅल्क्युलेटरवर उलटा कोसाइन घ्या. कोन ४९.८३ अंश येतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली तर एका अंशाला १११.२ किमी पडतात. ४९.८३ × १११.२ म्हणजे सुमारे ५,५४० किमी.

कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेला असू द्या. एक्सेलसारख्या तक्त्यात हेच करायचं असेल तर तिथे साइन-कोसाइनला रेडियन लागतात, त्यामुळे अंशांचं रूपांतर आधी करावं लागतं. दोन ठिकाणं एकमेकांच्या खूप जवळ असतील, काही किलोमीटरवर, तर हे सूत्र थोडं डळमळतं आणि ‘हॅवरसाइन’ नावाचं सूत्र जास्त भरवशाचं ठरतं. विमानप्रवासाच्या अंतरांना दोन्ही सारखीच.

संकेतस्थळ तुम्हाला या जोडीसाठी ५,५५० किमीच्या किंचित वरचा आकडा दाखवेल. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाशी ६,३५७ किमी. अचूक मोजणारी साधनं तो चपटेपणा धरतात. पूर्ण गोल मानल्याने होणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास थांबते.

उत्तर तपासायला एक मर्यादा लक्षात ठेवा. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणं एकमेकांपासून सुमारे २०,००० किमीपेक्षा लांब असू शकत नाहीत, कारण तेवढं अंतर म्हणजे अर्धा परीघ. उत्तर त्याहून मोठं आलं तर कुठेतरी एकक चुकलंय.

एककांचं थोडक्यात: विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजतात, एक सागरी मैल म्हणजे नेमके १.८५२ किमी. वेग नॉटमध्ये, म्हणजे तासाला इतके सागरी मैल. विमान कंपन्यांच्या पॉइंटांमधले ‘माइल्स’ मात्र सहसा साधे मैल असतात, १.६०९ किमीचे.

चौथी पायरी: विमान खरंच किती उडतं?

बृहद्वृत्ताचं अंतर हे कमीत कमी अंतर. विमान त्याहून थोडं जास्त उडतं. धावपट्टी ज्या दिशेला आहे त्या दिशेला उडावं लागतं, मग वळायचं, ठरलेल्या हवाई मार्गांना धरून जायचं, उतरताना रांगेत थांबायचं. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना कार्बन उत्सर्जन मोजताना यासाठी ठरावीक भर घालते: ५५० किमीपेक्षा कमी अंतराला ५० किमी, ५५० ते ५,५०० किमीला १००, आणि त्यापुढे १२५. घरगुती हिशेबाला हीच भर वापरा. लंडन–न्यूयॉर्क मग ५,६६५ किमी होतं. पुढच्या हिशेबासाठी मी ५,७०० धरतो.

एवढ्यावर भागत नाही असे मार्गही आहेत, आणि त्यांचं कारण बहुतेक वेळा राजकारण असतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर बृहद्वृत्ताने सुमारे ७,८०० किमी. फिनएअरचं विमान ते नऊ-साडेनऊ तासांत कापायचं. बंदीनंतर तेच उड्डाण उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालत सुमारे तेरा तासांवर गेलं. शहरं जागची हलली नाहीत, अंतर सांगणाऱ्या संकेतस्थळाचा आकडाही बदलला नाही, प्रवास मात्र साडेतीन-चार तासांनी वाढला. म्हणून लांबच्या मार्गावर अंतर काढून झाल्यावर ती रेषा कुठल्या देशांवरून जाते ते नकाशावर एकदा पाहा. वाटेत युद्ध किंवा बंद आकाश असेल तर गणित बाजूला ठेवा आणि त्या कंपनीचं सध्याचं वेळापत्रक उघडा.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक बंद पडलं तर ठरावीक वेळेत उतरता येईल असा विमानतळ वाटेत हवाच. जुन्या काळी ही मर्यादा ६० मिनिटांची होती. आता नव्या विमानांना पुष्कळ मोकळीक आहे, एअरबस ए३५० ला तर ३७० मिनिटांपर्यंतची परवानगी मिळू शकते. त्यामुळे महासागरांवरच्या वाटा पूर्वीपेक्षा सरळ झाल्या आहेत.

पाचवी पायरी: अंतराचा वेळ करणं

आधी ‘वेळ’ कुठला ते ठरवा. तिकिटावरचा कालावधी म्हणजे विमान गेटवरून मागे सरकल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा. विमानवाहतुकीतले लोक त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. वैमानिक माइकवरून सांगतात तो बहुधा चाकं जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा वेळ. म्हणून तिकिटावर आठ तास आणि वैमानिक म्हणतात सात तास दहा मिनिटं, हे दोन्ही खरं असू शकतं.

ब्लॉक टाइमचे तीन तुकडे करा.

पहिला तुकडा, उंचीवरचा पल्ला. दहा-बारा किलोमीटर उंचीवर मोठी लांब पल्ल्याची विमानं, म्हणजे बोइंग ७८७ किंवा ए३५०, ताशी सुमारे ९०० किमीने जातात. ए३२० किंवा ७३७ साधारण ८३० ने. पंख्याची, म्हणजे प्रोपेलरवर चालणारी छोटी एटीआर विमानं ५०० च्या आसपास.

दुसरा तुकडा, चढणं आणि उतरणं. वर जायला वीस ते तीस मिनिटं, खाली यायलाही तितकीच, आणि या काळात वेग कमी असतो. पूर्ण वेगाच्या तुलनेत यात वाया जाणारा वेळ, उतरायच्या रांगेसकट, अर्धा तास धरा.

तिसरा तुकडा, जमिनीवर सरकणं. दोन्हीकडचं मिळून छोट्या विमानतळांवर पंधरा मिनिटं, मोठ्या गजबजलेल्या ठिकाणी तीस किंवा त्याहून जास्त.

लंडन–न्यूयॉर्कला ५,७०० ला, ९०० ऐवजी थोडा हात राखून, ८९० ने भागलं तर ६ तास २४ मिनिटं. त्यात अर्धा आणि अर्धा तास मिळवून ७ तास २४ मिनिटं. हे झालं वारा नसताना. आता वारा.

वाऱ्याला विसरू नका

विमान ज्या उंचीवर उडतं, त्याच उंचीवर मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्यांचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. उष्ण प्रदेश आणि ध्रुव यांच्यातल्या तापमानाच्या फरकातून ते तयार होतात, म्हणून हिवाळ्यात, तो फरक वाढला की, त्यांचा जोरही वाढतो. विमान हवेच्या मानाने ताशी ९०० किमीनेच उडत असतं. पण ती हवाच पुढे वाहत असेल तर जमिनीच्या मानाने वेग वाढतो. प्रवाहाबरोबर जाणारी आणि प्रवाहाविरुद्ध जाणारी होडी आठवा.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकू येतो. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली मुक्काम आपोआप जवळ येतो, असं नाही. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं आणि विमान त्या वातावरणात असतं. फरक पाडतो तो फक्त वारा.

वर्षभराच्या सरासरी हिशेबाला या मार्गावर ताशी ८० किमीचा वारा धरू. पश्चिमेला, म्हणजे लंडनहून न्यूयॉर्कला, वारा समोर: ५,७०० भागिले ८१० म्हणजे ७ तास २ मिनिटं, अधिक एक तास, एकूण सुमारे आठ तास. परत येताना वारा पाठीशी: ५,७०० भागिले ९७० म्हणजे ५ तास ५३ मिनिटं, अधिक एक तास, एकूण सात तासांना थोडं कमी. कुठल्याही कंपनीचं वेळापत्रक उघडा, जाताना आठ आणि येताना सात तास याच घरातले आकडे दिसतील. कागदावरचं गणित वेळापत्रकाशी जुळतं तेव्हा मला दर वेळी समाधान वाटतं.

आणखी एक बारकावा. जाताना गमावलेला वेळ येताना पूर्ण भरून निघत नाही. वाऱ्याशिवाय हवेतले दोन पल्ले मिळून १२ तास ४८ मिनिटं होतात, वाऱ्यासह १२ तास ५५. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून नुकसान थोडं जास्तच होतं.

सरासरी ही सरासरीच. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘कियारा’ वादळाच्या काळात ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता, आणि तरीही त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण हवेच्या मानाने ते नेहमीसारखंच उडत होतं. याच मार्गावर १९९६ मध्ये काँकर्डने २ तास ५३ मिनिटांचा विक्रम केला, पण ते खरोखर ध्वनीपेक्षा वेगवान विमान होतं आणि २००३ पासून ते प्रवासी सेवेत नाही.

तुमच्या मार्गासाठी ढोबळ नियम असा: पूर्व-पश्चिम लांब पल्ला, मध्य अक्षांशांत, तर पश्चिमेकडच्या प्रवासाला सुमारे दहा टक्के जास्त आणि पूर्वेकडच्याला तितकेच कमी धरा, हिवाळ्यात हा फरक वाढवा. उत्तर-दक्षिण प्रवासाला किंवा विषुववृत्ताजवळ ही दुरुस्ती सहसा लागत नाही.

जवळच्या शहरांचा हिशेब वेगळा

हानेदा ते ओसाकाचा इतामी विमानतळ हे अंतर जेमतेम ४०० किमी. वेगाने भागलं तर अर्धा तास. वेळापत्रकात मात्र तासाभराहून जास्त दिसतं, कारण चढणं, उतरणं आणि सरकणं यांचा एक तास अंतर कमी म्हणून कमी होत नाही. ३०० किमीच्या पल्ल्यावर जेट विमान २२ मिनिटांचा उंचीवरचा पल्ला करतं, एटीआर ३६ मिनिटांचा. फरक चौदा मिनिटांचा. एवढ्यासाठी पंख्याचं विमान म्हणून तिकीट टाळण्यात अर्थ नाही.

टोकाची उदाहरणं पाहायची तर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे उड्डाण अवघ्या २.७ किमीचं, वेळापत्रकात दोन मिनिटांचं. दुसऱ्या टोकाला सिंगापूर ते न्यूयॉर्क, सुमारे १५,३५० किमी आणि साडेअठरा तासांच्या आसपास.

सहावी पायरी: घड्याळं जुळवणं

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची असते. दोघांची नुसती वजाबाकी करून ‘प्रवास किती तासांचा’ हे कधीही काढू नका. दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत आणा.

टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे. समजा विमान १० डिसेंबरला टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालं. यूटीसीप्रमाणे तेव्हा सकाळचे ८ वाजलेत. दहा तासांचा प्रवास मिळवा, संध्याकाळचे ६. त्यातून ८ वजा केले की लॉस एंजेलिसची सकाळचे १० ही वेळ मिळते, तारीख तीच, १० डिसेंबर. घड्याळाप्रमाणे प्रवासी निघण्याच्या सात तास आधीच पोहोचला, कारण मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. परतताना उलटं: २० डिसेंबरला दुपारी १२ वाजता निघून बारा तासांनी टोकियोत उतराल तेव्हा तिथे २१ तारखेची संध्याकाळचे ५ असतील. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे छोटा ‘+१’ असतो तो हाच. हॉटेलची रात्र बुक करण्याआधी तो शोधा.

सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, नेपाळ पावणेसहा तास.

मग उन्हाळी वेळ. युरोप घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा लंडन–न्यूयॉर्कमधला फरक पाचऐवजी चार तासांचा असतो. या आठवड्यांत प्रवास असेल तर आठवणीतल्या फरकावर विसंबू नका, त्या तारखेचा फरक पाहा.

मध्यरात्रीनंतरच्या उड्डाणाबद्दल तर मी प्रत्येकाला सांगतो. तिकिटावर ‘१५ तारीख, ००:२०’ असेल तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोहोचायचं आहे. १५ च्या रात्री निघालात तर विमान जाऊन दिवस उलटलेला असेल. कॅलेंडरवर १४ तारखेलाच खूण करा.

ठरावीक तासांनी घ्यायची औषधं चालू असतील तर तिकिटावरच्या घड्याळांकडे न पाहता यूटीसीने काढलेले खरे तास लिहून डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे टाळू नका.

थांबा असेल तर

लंडन–सिडनी थेट अंतर सुमारे १७,००० किमी. सिंगापूरमार्गे दोन्ही टप्पे मिळून (१०,९०० आणि ६,३०० किमीच्या आसपास) वाढ फक्त दीडशे-दोनशे किलोमीटरची. अंतर जवळपास तेच, पण दुसऱ्या टप्प्याचा चढण्या-उतरण्याचा आणि सरकण्याचा तास पुन्हा मोजावा लागतो, वर थांब्याचे तास. थांब्याचं शहर बृहद्वृत्ताच्या जवळ आहे का, हे याच पद्धतीने तपासा. उलट्या दिशेला नेणारं स्वस्त तिकीट किती तास खातं ते लगेच दिसतं.

‘डायरेक्ट’ आणि ‘नॉनस्टॉप’ या दोन शब्दांत फरक आहे. डायरेक्ट उड्डाण एकाच क्रमांकाने जातं पण वाटेत उतरू शकतं. नॉनस्टॉप उतरत नाही.

जोडविमानाला विमानतळाने ठरवलेला किमान वेळ असतो, आणि एकाच तिकिटावरची जोडणी त्या वेळेत बसवलेली असते. पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तर पुढे पोहोचवणं कंपनीची जबाबदारी. दोन वेगळी तिकिटं घेतलीत तर ती जबाबदारी तुमची, म्हणून मधे किमान चार तास ठेवा. अमेरिकेत पुढचं विमान देशांतर्गत असेल तर सहसा पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन करून सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं. तिथे दीड तासाची जोडणी मला कमीच वाटते.

सातवी पायरी: हिशेब पडताळा आणि दारापर्यंत न्या

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळावर उड्डाणाचा क्रमांक घातला की गेल्या काही दिवसांत ते प्रत्यक्ष किती वेळ हवेत होतं ते दिसतं. पाच-सात दिवसांचे आकडे पाहा. ते तिकिटावरच्या वेळेपेक्षा बरेच कमी असतील, कारण त्यात जमिनीवर सरकण्याचा वेळ नसतो, शिवाय कंपन्या उशिराची शक्यता धरून वेळापत्रकात थोडी मोकळी जागा ठेवतात. विमान ‘वीस मिनिटं लवकर’ आलं, याचा अर्थ बहुधा ती जागा वापरावी लागली नाही एवढाच.

अंतराचा आकडा पैशांच्या हिशेबातही कामी येतो. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमात विमान रद्द झाल्यास भरपाईच्या पायऱ्या १,५०० आणि ३,५०० किमी अशा ठरवल्या आणि हे अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचं असं लिहिलं. पोहोचण्याची वेळ कुठली धरायची, यावर युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय दिला: विमानाचं निदान एक दार उघडून प्रवाशांना उतरायला परवानगी मिळते ती वेळ. चाकं टेकल्याची वेळ नव्हे. उशीर झाला तर दार उघडल्याची वेळ टिपून ठेवा.

पूर्ण प्रवासाचा वेळ काढताना ब्लॉक टाइममध्ये आधीचे दोन तास (आंतरराष्ट्रीय असेल तर तीन), घर ते विमानतळ, आणि उतरल्यानंतरचा वेळ मिळवा. नुसती हातातली बॅग आणि देशांतर्गत प्रवास असेल तर उतरल्यावर वीस मिनिटांत बाहेर पडता येतं. इमिग्रेशन, सामान आणि कस्टम्स असेल तर तास ते दीड तास धरा.

आणि कोणाला आणायला विमानतळावर जाणार असाल, विशेषतः एकट्याने येणाऱ्या वयस्कर आई-वडिलांना, तर वेळापत्रकावर निघू नका. विमान प्रत्यक्ष किती वाजता उडालं ते पाहा, त्यात गेल्या काही दिवसांतला हवेतला वेळ मिळवा, सरकण्याची पंधरा मिनिटं घाला आणि बाहेर यायला लागणारा तास त्यावर चढवा. निघण्याआधी व्हीलचेअर सांगितली असेल तर तीही विचारात घ्या: कधी ती रांगेतून लवकर काढते, कधी तिचीच वाट पाहावी लागते. त्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी बाहेरच्या दारापाशी उभे राहा आणि नेमकं कुठल्या दारापाशी ते त्यांना उडण्याआधीच लिहून पाठवा, कारण उतरल्यावर त्यांचा फोन चालू होईलच असं नाही.